ट्यून्स ऑफ ग्लोरी (१९६०) : कर्नल बॅरोला नेमकं कोणी मारलं?

पागोळी

शेवटासकट सगळं लिहिणार आहे. ज्यांना सिनेमा कोरा पाहायचा आहे त्यांनी आधी पाहावा आणि मग इथे यावं.

'ट्यून्स ऑफ ग्लोरी' गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा पाहिला. दिग्दर्शक रोनाल्ड नीम, पटकथा जेम्स केनावेची, त्याच्याच १९५६ च्या कादंबरीवरून. पहिल्या दोन वेळा मला ही ॲलेक गिनेस आणि जॉन मिल्स यांची जुगलबंदी वाटली होती. या वेळी मात्र लक्ष त्या दोघांच्या मागे, हातात ग्लास घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांकडे गेलं आणि तिथून हलेचना.

ज्यांनी पाहिला नाही तरी वाचणारच आहेत त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. स्कॉटलंडमधला किल्ला, आत हायलँड पलटणीची छावणी, दुसरं महायुद्ध संपलेलं, बाहेर बर्फ. मेजर जॉक सिंक्लेअर (गिनेस) हा बँडमधून शिपाई म्हणून वर चढलेला माणूस. एल अलामेनच्या लढाईत पदकं मिळवली, उत्तर आफ्रिकेत कर्नल मारला गेला तेव्हा पलटण याच्याच हातात आली आणि युद्ध संपेपर्यंत त्यानंच ती नेली. आता शांतता आहे, आणि वरच्यांना शांततेला शोभेल असा कर्नल हवा आहे. तो म्हणजे बेझिल बॅरो (मिल्स). ईटनसारखी बड्या घरांतल्या मुलांची शाळा, ऑक्सफर्ड, सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकवण्याचा अनुभव. त्याच्या घराण्यातल्या माणसानं पूर्वी याच पलटणीचं नेतृत्व केलेलं, पण तो स्वतः इथे राहिलाय जेमतेम वर्षभर, तेही १९३३ साली. मधल्या काळात जपान्यांचा युद्धकैदी होता आणि छळ सोसून आलाय.

बॅरो ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच येऊन थडकतो. मेसमध्ये व्हिस्की आणि नाच रंगात आलेला. दोघांची पहिलीच खरी बातचीत तुरुंगावर होते. जॉक सांगतो, दारू पिऊन दंगा केला म्हणून ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगात एक शनिवार-रविवार काढलाय. बॅरो सांगतो, मी अतिपूर्वेत कैदी होतो. त्यावर जॉक पटकन म्हणून जातो की तिथे काय, अधिकाऱ्यांना सवलती आणि हौशी नाटकं असणार. बॅरो काहीही बोलत नाही. मिल्सचा चेहरा त्या क्षणी पाहा. नाही म्हणायला जरासा हलतो, आणि लगेच इस्त्री केल्यासारखा पुन्हा सरळ होतो.

पुढे बॅरो शिस्त आणायला लागतो. अधिकाऱ्यांनी हायलँड नाच नीट, जुन्या रीतीनं शिकावा म्हणून भल्या सकाळी तालीम लावतो. गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावून पार्टी ठेवतो. त्या पार्टीत जॉक मुद्दाम हात वर करून, आरोळ्या ठोकत नाचतो, बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि बॅरोचा तोल सगळ्यांसमोर सुटतो. नंतर जॉकला आपली मुलगी मोरॅग एका पबमध्ये कॉर्पोरल फ्रेझरबरोबर सापडते आणि तो गणवेशातल्या त्या पोराला मारतो. अधिकाऱ्यानं हाताखालच्या माणसावर हात टाकणं हा मोठा गुन्हा. प्रकरण वर पाठवायचं की नाही, हे बॅरोच्या हातात येतं. जॉक त्याच्याकडे जाऊन गळ घालतो, यापुढे तुमच्या पाठीशी उभा राहीन असा शब्द देतो. बॅरो प्रकरण मिटवतो. जॉक शब्द विसरतो. आणि मेसची समजूत होते की बॅरो वाकला.

यानंतर मेजर चार्ली स्कॉट (डेनिस प्राइस) येतो आणि अत्यंत शांतपणे, सभ्यपणे बॅरोला सांगतो की पलटण खरी जॉकच चालवतोय. त्यानंतर बॅरो स्वतःला गोळी घालून घेतो.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. जॉकनं बॅरोला छळलं, पण जॉक रागावतो, ओरडतो, गयावया करतो, तो समोरासमोर तरी असतो. चार्ली स्कॉट एकदाही आवाज चढवत नाही. तो आणि बाकीचे नुसते बघतात. कोण जिंकतंय त्याप्रमाणे एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. शेवटी जॉक सगळ्यांना जमवून फील्ड मार्शलला शोभेल अशा अंत्ययात्रेचा बेत सांगतो, पाइपर (बॅगपाइप वाजवणारे) कोणती धून कुठे वाजवतील तेसुद्धा. आत्महत्या केलेल्या माणसासाठी एवढं कशाला, असं कोणीतरी सुचवतं. तेव्हा तो म्हणतो की ही आत्महत्या नाही, खून आहे. खुनी मी, आणि या खोलीतले वरिष्ठ अधिकारी माझे साथीदार. एकाला वगळून. कॅप्टन जिमी केर्न्स.

या अपवादावर मी थबकले. केर्न्सच का? तुम्हाला काय वाटतं?


निगेटिव्ह_रीळ

सुंदर धागा. थोडी माहिती जोडतो.

बॅरोची भूमिका आधी गिनेसला देऊ केली होती. पण १९५७ च्या 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' मधल्या त्यानंच केलेल्या कर्नल निकल्सनच्या ती फार जवळ जाते म्हणून त्यानं जॉक निवडला. निकल्सनही जपान्यांचा कैदी, तोही शिस्तीचा वेडा. संगीत माल्कम अरनॉल्डचं आणि क्वायचंही त्याचंच. त्यामुळे बॅरो बोलायला लागला की मला निकल्सनच छावणीतून सुटून परत आल्यासारखा वाटतो, फक्त त्याची जागा घरी उरलेली नाही.

दुसरं म्हणजे हे दोघं १९४६ च्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मध्ये जिवलग मित्र होते. मिल्स पिप, गिनेस हर्बर्ट पॉकेट, आणि नीम त्या सिनेमाचा निर्माता. चौदा वर्षांनी त्याच दोन माणसांना त्यानं एकमेकांसमोर उभं केलं. मिल्सला या भूमिकेसाठी व्हेनिस महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा मान मिळाला. पटकथेला ऑस्करचं नामांकन होतं, मिळालं 'एल्मर गँट्री' ला. मोरॅग म्हणजे सुझाना यॉर्क, तिचा पहिला सिनेमा.


खडकीकर

पायदळात चोवीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. पागोळीताई, तुमचं निरीक्षण नेमकं आहे पण निष्कर्ष मला पटत नाही.

पलटणीत सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर) एकच असतो. 'साथीदार' वगैरे जॉक बोलतो ते त्याचं डोकं फिरल्यावर. बॅरोची पहिली चूक म्हणजे त्यानं आल्या आल्या नाचाला हात घातला. आमच्यात नवीन सी.ओ. आला की शहाणा असेल तर पहिले काही आठवडे नुसता फिरतो. लंगर (जवानांचं स्वयंपाकघर) बघतो, कोत (शस्त्रागार) बघतो, सुभेदार मेजरसाहेबांशी बोलतो, जवानांच्या घरच्या अडचणी ऐकतो. मेसच्या रीतीला सगळ्यात शेवटी हात लावतो, कारण मेस हे अधिकाऱ्यांचं घर. घरात शिरल्या शिरल्या भांडी हलवायची नसतात.

दुसरी चूक कॉर्पोरलच्या प्रकरणात. आपल्या आर्मी ॲक्ट १९५० मध्ये कलम ४७ आहे, हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा वाईट वागणूक, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटिश कायद्यातही असं वागणं गुन्हाच. बॅरोनं एकतर कागद वर पाठवायचा होता, नाहीतर स्वतः निकाल देऊन दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ताठ मानेनं सांगायचं होतं की हा माझा निर्णय. त्यानं दया दाखवली, पण ती खोलीत कोंडून ठेवली. बंद दारामागची दया बाहेरच्यांना कमजोरीच दिसते. यात स्कॉटनं सांगितलं ते कटू असलं तरी खोटं नव्हतं.

आणि शांतताकाळाबद्दल. लोकांना वाटतं युद्धात ताण असतो आणि शांततेत आराम. उलटं आहे. युद्धात माणसाला काम असतं. शांततेत इन्स्पेक्शन असतं. गवत कापा, दगड-विटांना चुना-गेरू मारा, बूट चमकवा. जॉकसारखा लढवय्या अशा वेळी दिवसभर करणार काय? तो रात्र मोठी करतो. असे लोक मी पाहिलेत, फार गुणी, आणि तीन वर्षं शांततेची मिळाली की हळूहळू कुजत जाणारे.


रानजाई

खडकीकर काका, लिहिलंत ते आवडलं, पण मला दुसरंच सलतंय आणि त्यावर कोणी बोलत नाहीये.

जॉक स्वतः बँडमधला पोरगा होता. फ्रेझर कोण आहे? कॉर्पोरल पाइपर! म्हणजे मुलीच्या शेजारी बसलेला तो पोरगा म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा जॉकच. त्याला तो मारतो. ईटनच्या माणसासमोर जो आयुष्यभर 'मी खालून वर आलो' असं छाती ठोकून सांगतो, त्याला आपली मुलगी मात्र 'खालच्या' पाइपरबरोबर चालत नाही. माझ्या मते तो ठोसा पूर्ण सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

आणि जॉकची मैत्रीण मेरी टिटरिंग्टन. के वॉल्शनं त्या नटीला किती थोडक्यात उभं केलंय. जॉक संकटात असला की तिच्याकडे येतो, संकट टळलं की साजरं करायलाही तिच्याकडेच. तिला काय हवंय ते विचारायला त्याला सुचत नाही. मोरॅगलाही कोणी विचारत नाही. पुरुषांनी भरलेल्या त्या किल्ल्यात दोनच बायका शहाण्यासारखं वागतात आणि दोघींचं कोणी ऐकत नाही.


बोरकर_मुलुंड

रानजाई +१. हे मला दोनदा पाहूनही दिसलं नव्हतं.


पागोळी

रानजाई, ठोशाचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. म्हणजे बॅरोवरचा रागही थोडा तसाच असेल का? बॅरोकडे जे जन्मानं आहे ते जॉकला हवंय, आणि जॉककडे जवानांचं जे प्रेम आहे त्यासाठी बॅरो झुरतोय.

खडकीकर काका, बॅरोच्या चुका मान्य. पण पार्टीनंतरचा जीपमधला प्रसंग आठवा. बॅरो हादरलेला, शेजारी केर्न्स (गॉर्डन जॅक्सन). तिथे बॅरो पहिल्यांदा आणि एकदाच कोणापुढे तरी मोकळा होतो. छावणीत त्याच्याशी काय केलं ते, आणि या पलटणीत परत यायचं एवढ्या एका विचारावर आपण कसे तगलो ते. ज्या घराची स्वप्नं बघून माणूस मरणातून परत आला त्या घरात शिरताना तुम्ही म्हणता तसं काही आठवडे थांबायचं भान त्याला कुठून राहणार? त्याला ते घर त्याच्या मनात जपलेलं होतं तसंच हवं होतं. नाचासकट.

आणि हे ऐकलेला माणूस केर्न्स एकटाच. म्हणून जॉक त्याला वगळतो, असं मला वाटतं. अर्थात जीपमध्ये काय बोलणं झालं ते जॉकला माहीत नाही. पण एवढं त्याला दिसलं असणार की या एकानं नव्या कर्नलकडे तमाशा म्हणून पाहिलं नाही.


तिसरी_पाळी

मी सैन्यातला नाही, कारखान्यातला. नाव-गाव सांगत नाही. पण चार्ली स्कॉट मी पाहिलाय आणि मी स्वतःही त्या घोळक्यात होतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे वर्क्स मॅनेजरच्या जागेवर एक जण तात्पुरता होता, शॉप फ्लोअरवरून वर आलेला, सगळ्यांचा लाडका. त्याला डावलून बाहेरून माणूस आणला. बाहेरचा हुशार होता, सरळ होता. त्यानं वाईट काहीही केलं नाही. फक्त कँटीनमध्ये चहाच्या वेळेचा घोळ मोडून काढायचा प्रयत्न केला. त्या दिवसापासून तो कँटीनमध्ये आला की बोलणं थांबायचं. शिवी नाही, घोषणा नाही, काही नाही. काचेचा ग्लास हातात घेऊन तो उभा राहायचा, आणि आमच्या टेबलाजवळ एक खुर्ची रिकामी असूनही कोणी ती पायानंसुद्धा पुढे सरकवली नाही. मीही नाही. आठ महिन्यांत तो राजीनामा देऊन गेला. सुदैवानं नुसता राजीनामाच.

त्याचा जो प्रतिस्पर्धी म्हणवला जायचा, तो शेवटच्या दिवशी त्याला गेटपर्यंत सोडायला गेला आणि येताना डोळे पुसत आला. आम्ही नव्हतो गेलो. त्यामुळे जॉकचं शेवटचं भाषण मला वेडाचं वाटत नाही. शुद्धीवर असलेला तो एकटाच असतो त्या खोलीत.


ग्लासगोचा_पाऊस

इथे नोकरीला येऊन सहा वर्षं झाली. सिनेमातला किल्ला म्हणजे स्टर्लिंग. बाहेरची काही दृश्यं तिथली, बाकी सगळं शेपर्टन स्टुडिओत उभं केलेलं. स्टर्लिंग हे आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सचं ठाणं होतं. सैन्यानं किल्ला १९६४ मध्ये सोडला.

मी सिनेमा पाहून मगच तिथे गेलो आणि आत शिरल्या शिरल्या गोंधळलो, कारण समोर ग्रेट हॉल लख्ख पिवळा! चुन्याचा गिलावा, सोनेरी रंगाचा. १९९९ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला तेव्हाचा. सैन्य होतं तोवर त्या राजेशाही दालनात मजले आणि भिंती घालून बराकी केलेल्या होत्या. म्हणजे जॉकच्या काळातल्या जवानाला आपण राजाच्या मेजवानीच्या दालनात खाट टाकून झोपलोय हे कदाचित कळतही नसेल.

पलटणीचं संग्रहालय मात्र किल्ल्यातच आहे. फेब्रुवारीत गेलो होतो, गर्दी नव्हती. पदकांच्या कपाटासमोर एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ एकाच फोटोकडे बघत उभे होते. मी बाजूनं गेलो तेव्हा त्यांनी टोपी काढली, मला जागा दिली आणि पुन्हा तिथेच येऊन उभे राहिले. २००६ मध्ये स्कॉटिश पायदळाच्या बहुतेक पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या, त्यात आर्गाइल्सही गेले.


षड्ज

पाइपबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? सिनेमाचं नावच त्यावरून आहे.

'ब्लॅक बेअर' ही धून सिनेमात आहे. हायलँड पलटणींत ती मोहिमेवर जाताना नाही, लांबच्या मार्चवरून बराकीत परतताना वाजवतात. चाल जलद, आणि ठरलेल्या जागी थकलेले जवान एकदम आरोळी देतात. म्हणजे ही घर जवळ आल्याची धून. बॅरोला घरी यायचं होतं, जॉकचं तर पलटण हेच घर. हे ध्यानात ठेवून शेवटचा प्रसंग ऐका. जॉक अंत्ययात्रेचं वर्णन करतोय, खोलीत एकही पाइपर नाही, तरी पाइप ऐकू येतात. आधी लांबून, मग जवळ. आपल्याला ते ऐकू येतंय म्हणजे आपण जॉकच्या डोक्यात शिरलो. खोलीतल्या बाकी कोणाला काही ऐकू येत नाहीये.

आपल्याकडे हे वाद्य परकं नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचा पाइप बँड ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल. मैदानावर पाइप वाजताना आधी तो एकच सूर, ड्रोन, जमिनीतून आल्यासारखा येतो आणि मग वर धून उभी राहते. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो लगेच भिडतो.


बोरकर_मुलुंड

खडकीकर काका, एक विचारू? जवानांतून अधिकारी झालेल्यांना आपल्याकडेही जॉकसारखं वाटतं का?


खडकीकर

बोरकर, वाटत असणार, पण आपल्याकडे वाट जरा वेगळी आहे. जवानांतून निवडून आर्मी कॅडेट कॉलेजला पाठवतात. पूर्वी ते पुण्यातच होतं, १९७७ मध्ये डेहराडूनला गेलं. तिथून पुढे आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी. त्यामुळे ते अधिकारी होतात ते रीतसर, सगळ्यांच्या बरोबरीनं. मला भेटलेल्यांपैकी उत्तम कंपनी कमांडर त्यांच्यातलेच. जवान त्यांच्याशी खोटं बोलूच शकत नाही, कारण सगळे बहाणे त्यांनी स्वतः करून झालेले असतात. मेसमधल्या काट्याचमच्यावरून त्यांना कमी लेखणारेही भेटले. त्यांची कीव येते.

आता मुख्य गोष्ट. काल रात्री सिनेमा पुन्हा लावला, पागोळीताईंनी सांगितलेला जीपचा प्रसंग बघायला. दोनदा मागे नेऊन पाहिला. केर्न्स फारसं काहीच बोलत नाही हो. सल्ला देत नाही, धीर देत नाही. नुसता बसून राहतो.

मी कॅप्टन होतो, ॲडज्युटंट (सी.ओ.चं कार्यालयीन कामकाज बघणारा अधिकारी) होतो, तेव्हा आमच्याकडे एक सी.ओ. आले होते. १९७१ मध्ये जखमी झालेले. फार अबोल. संध्याकाळी मेसमध्ये येऊन कोपऱ्यातल्या एकाच खुर्चीवर बसायचे, पाण्याचा ग्लास घ्यायचे आणि साडेनऊला उठून जायचे. आम्ही तरुण पोरं बिलियर्डच्या टेबलाभोवती. त्यांची नक्कल आमच्यातला एक जण हुबेहूब करायचा आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. ॲडज्युटंट म्हणून दिवसातले सहा तास मी त्यांच्या शेजारच्या खोलीत काढले. कागदांपलीकडे एक वाक्य कधी विचारलं नाही. परवा मी इथे 'सी.ओ. एकच असतो' असं ठासून लिहिलं. ते नियमात बरोबर आहे. पण ती खुर्ची मला काल रात्रभर दिसत होती.

ते आता पुण्यातच असतात, ऐंशीच्या पुढचे आहेत. नंबर आहे माझ्याकडे.


पागोळी

काका, जा त्यांच्याकडे.


खडकीकर

सकाळी फोन केला. आवाज ओळखला नाही, पलटणीचं नाव सांगितल्यावर ओळखलं. रविवारी अकराला बोलावलंय. मिसेस म्हणाल्या, जेवायलाच या, त्यांना एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो.